थोडंच चुकायचं

“मी तुला कधीच शिकवलं नाही, असं काय शिकलास रे तू माझ्याकडून?”

हा प्रश्न उर्वी बिडवेनं विचारला तो शाळेच्या गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात, मधल्या सुट्टीत, आणि तोही स्वतःच्या मनानं नाही. पैज होती. “दम असेल तर आमच्यासमोर विचार,” असं तस्नीम म्हणाली, आणि दमाचा विषय निघाला की दहावी ‘ब’मधली उर्वी मागे हटत नसे. गॅदरिंगचं निवेदन केल्यापासून तर नाहीच. त्या दिवशी माइक बंद पडला तरी ती बोलत राहिली होती आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं होतं. तेव्हापासून तिची चालसुद्धा बदलली, असं रेवाचं म्हणणं.

तस्नीमचं आपल्या शिष्याला आधीच विचारून झालं होतं. तो म्हणाला होता, “सॉरी म्हणताना दुसरीकडं बघायचं.” रेवाचा म्हणाला, “मामीचा फोन आला की आधी सुस्कारा टाकायचा, मग गोड आवाज काढायचा.” तिघी हसून हसून पायऱ्यांवर आडव्या झाल्या होत्या. आता पाळी भोपळ्याची.

भोपळा म्हणजे उर्वीचा शिष्य. मसाल्याच्या डब्याएवढं गोल यंत्र, वर एक पिवळा दिवा. आठवीत घरी आला तेव्हा गणितात त्याला रोज भोपळा मिळायचा, म्हणून हे नाव. पिवळा दिवा दोनदा लुकलुकला. मग तो उर्वीच्याच ढंगात, शब्द जरा ओढत म्हणाला,

“पप्पा खोलीत असले की चुकायचं.”

रेवाचा घास हातातच राहिला. तस्नीमला मात्र राहवेना. “किती चुकायचं?”

“थोडंच,” भोपळा म्हणाला. “शेवटच्या पायरीवर. म्हणजे पप्पांना वाटतं, पोरगी अगदी जवळ आली होती.”

उर्वीनं त्याला उचललं, दप्तरात कोंबलं आणि चेन लावली. “काहीपण बडबडतोय,” ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की हे म्हणताना आपण दुसरीकडं बघतोय, अगदी तस्नीमसारखं.

*

हे शिष्य प्रकरण कसं सुरू झालं ते सांगायला हवं. सगळं येणारी यंत्रं घराघरात आली त्याला बरीच वर्षं झाली होती. विचारलं की उत्तर हजर. त्यामुळे झालं असं, की पोरांना उत्तरं मिळायला लागली आणि गणित येईनासं झालं. मग कुणीतरी डोकं चालवून सगळा खेळच उलटा केला. यंत्रानं मुलाला शिकवायचं नाही, मुलानं यंत्राला शिकवायचं. आठवीत प्रत्येकाला एक कोरा शिष्य मिळे. त्याला बोलता यायचं, पण बेरजेपलीकडं काही यायचं नाही. दहावीपर्यंत त्याला शिकवा. परीक्षा त्याची, गुण तुमचे. आणि गंमत म्हणजे पोरं शिकली की! ज्याला समजावून सांगायचं असतं त्याला आधी स्वतःला समजून घ्यावं लागतं, ते काही चुकत नाही.

शिष्याच्या आत कोट्यवधी बारीक चाव्या आहेत असं समजा. खऱ्या नाहीत, नुसते आकडे. तुम्ही एक उदाहरण सोडवून दाखवलं की त्यातल्या हजारो चाव्या केसभर फिरतात. पुन्हा दाखवलं की आणखी केसभर. ‘हे गणित या चावीत आहे’ असं कुणालाच दाखवता येत नाही, ते सगळीकडं पसरलेलं असतं. आणि शिष्य पटकन शिकावा म्हणून पहिले काही महिने तो नुसता घरात ठेवायचा असे. मूल कसं विचार करतं, कुठं थांबतं, कुठं अडखळतं, हे तो ऐकत बसे आणि आपला पाया त्या मुलासारखा करून घेई. याला सगळे ‘मुरवणं’ म्हणत. लोणच्यासारखं.

भोपळा मुरला तो बिडव्यांच्या स्वयंपाकघरात, फ्रिजवर.

आणि त्या स्वयंपाकघरात रोज रात्री जेवताना एक खेळ चाले.

व्यंकट बिडवे, म्हणजे उर्वीचे पप्पा, एके काळी लातूरच्या क्लासच्या गल्ल्यांमधलं मोठं नाव होतं. ‘बिडवे मॅथ्स’. नांदेड, बीड, परभणीहून पोरं यायची, हॉस्टेलात राहायची, मेसचं जेवायची आणि बिडवे सरांच्या बाकावर बसायची. सर प्रश्न घालायचे, आणि ज्याला आधी उत्तर येईल त्यानं बाकावर टकटक करायचं. यंत्रं आली आणि एकेक गल्ली ओस पडली. उर्वी चौथीत असताना ‘बिडवे मॅथ्स’चा बोर्ड उतरला आणि माळ्यावर गेला. पप्पा मेहुण्याच्या डाळमिलमध्ये वजनकाट्यावर बसायला लागले. बाक नव्हते म्हणून टकटक वाटीवर आली. जेवता जेवता पप्पा प्रश्न घालत, आणि ज्याला येईल त्यानं चमच्यानं वाटी वाजवायची.

मम्मी वाटी वाजवायची. उर्वी वाजवायची. आणि दोघी चुकायच्या.

“एक ते शंभर लिहिताना नऊ हा अंक कितीदा लिहावा लागतो?” टण्ण. “एकोणीस!” आणि पप्पांचा चेहरा असा खुलायचा म्हणता! “हंऽऽ, घाई केलीस! नव्व्याण्णवमध्ये दोन नऊ असतात की गं बाई!” मग ते हात धुवायचे विसरून समजावून सांगायचे, खरकट्या बोटानं ताटात रेघा ओढून. दिवसभर पोती मोजणाऱ्या माणसाचा आवाज त्या तेवढ्या वेळापुरता पुन्हा सरांचा व्हायचा.

उर्वीला वीस माहीत असायचं. ती एकोणीस म्हणायची. का, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. तसं करायला तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

*

“बस,” मिटकरी मॅडम म्हणाल्या. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत त्या आणि उर्वी दोघीच होत्या, आणि टेबलावर भोपळा. जिन्यातलं आणि घरातलं सगळं उर्वीनं सांगून झालं होतं. “फार जुना प्रयोग आहे, मी कॉलेजात असतानाचा. शास्त्रज्ञांनी एका यंत्राला घुबड आवडेल असं केलं. मग त्याला म्हणाले, नुसते आकडे लिही. घुबडाचं नाव नाही, पक्ष्याचा विषय नाही, कोरडे आकडे. ते आकडे त्याच पायाच्या दुसऱ्या यंत्राला शिकवले. तर दुसऱ्यालाही घुबड आवडायला लागलं.”

“आकड्यांतून?”

“आकड्यांतून. आपल्याला ते दिसत नाही, पण शिकवणाऱ्याची ढब शिकवण्यात उतरते. दोघांचा पाया एकच असला तर उतरतेच. तू याला वर्गसमीकरणं शिकवलीस, याच्या चाव्या फिरल्या, आणि त्याबरोबर तूही उतरलीस.”

“मग तेवढंच पुसा ना, मॅडम.”

“आमटीतलं मीठ काढून दाखव मला.” मॅडम हसल्या, पण फार नाही. “पुसता येत नाही. दुसरं शिकवता येतं. घरात वेगळं वाग. तू पप्पांसमोर बरोबर उत्तर दे, रोज दे. तो बघेल आणि हळूहळू वळेल.”

“परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे.”

“मग लवकर सुरू कर.”

परीक्षा म्हणजे जिल्ह्याची अंतिम फेरी. सभागृहात, पालकांसमोर, प्रश्न मोठ्यानं वाचायचे आणि शिष्यांनी उत्तरं द्यायची. जिल्ह्यातून एकच जण निवडायचा आणि त्याला पुण्याच्या विज्ञान निवासी शाळेत पाठवायचं. उर्वीनं त्या शाळेच्या दुर्बिणीचं चित्र कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतं. लातूरबाहेर पडायचं, तर याच दारानं. शिष्य दहावीनंतर जमा होतात, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा बसू, असंही नव्हतं.

आणि या वर्षी प्रश्न वाचायला बोलावलं होतं बिडवे सरांना. ज्या शाळेत परीक्षा होती तिथले मुख्याध्यापक त्यांचाच जुना विद्यार्थी. प्रश्न सीलबंद पाकिटातून येणार, सरांनी फक्त वाचायचे, त्यामुळे पोरगी स्पर्धेत असली तरी कुणाची हरकत नव्हती. ते आमंत्रण आल्यापासून पप्पा आरशासमोर उभं राहून जुनं पाठ्यपुस्तक मोठ्यानं वाचत होते.

उर्वी दारापर्यंत गेली आणि परत फिरली. “मॅडम, जिंकलेल्या शिष्याचं पुढं काय होतं?”

“कोरे शिष्य त्याच्याजवळ मुरवतात. गणित शिकवत नाहीत, ढब तेवढी उतरते. त्या ढबीच्या प्रती पुढच्या आठवीच्या सगळ्या पोरांना. कोऱ्यापेक्षा लवकर शिकतात म्हणून.”

“मग हे पण जाईल प्रतींत?”

मॅडमनी भोपळ्याचा दिवा बोटानं पुसला. “प्रत्येक शिष्यात काही ना काही असतंच गं. गणित तपासतात, बाकीचं कोण तपासतं? आपल्या शाळेतून आजवर एकही पोरगी गेलेली नाही. तू आधी जिंक. आणि हे कुणाला बोलू नकोस.”

*

त्या रात्री पप्पांनी ताटावर बसता बसता प्रश्न घातला. “अकरा माणसं. प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा हात मिळवला. एकूण किती वेळा?”

टण्ण. “पंचावन्न.”

मम्मीनं वर पाहिलं. पप्पांचं ‘हंऽऽ’ तोंडाशी आलेलं होतं, ते त्यांनी गिळलं. “बरोबर,” ते म्हणाले. “शाब्बास. अगदी बरोबर.” मग ते जेवले. समजावून सांगायला काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अवघड प्रश्न आणला, मिलमधून येतानाच ठरवलेला. टण्ण. बरोबर. तिसऱ्या दिवशी प्रश्न पुरा व्हायच्या आत टण्ण.

“आधी पाहिलेलं असेल हे,” पप्पा म्हणाले.

“नाही पप्पा. आत्ताच काढलं.”

“पाहिलेलं असेल,” ते पुन्हा म्हणाले आणि भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तसाच धरून बसले.

ते हात धुवायला गेले तसा मम्मीनं उर्वीचा दंड धरला आणि तिला सिंकपाशी ओढलं. मंजूषा बिडवे विमा कंपनीच्या कार्यालयात होती. दिवसभर लोकांशी सौम्य बोलून बोलून घरी तिचा आवाज कधी चढत नसे. आत्ताही चढला नाही, पण त्यात धार होती.

“काय करायलीस तू हे?”

“बरोबर उत्तरं द्यायलेय.”

“एक वाटी वाजते त्यांची दिवसभरात. तेवढी पण काढून घेणारेस का?”

“मम्मी, तुला पण येत होतं ना पंचावन्न?”

मम्मीनं नळ सोडला. पाण्याच्या आवाजात ती म्हणाली, “बीएस्सीला गणितच होतं मला. ह्यांच्यापेक्षा जास्त होते मार्क. लग्न ठरवताना सांगितलेले नाहीत, एवढंच.”

“म्हणजे पहिल्यापासून?”

“क्लास बंद झाला त्या आठवड्यात. जेवायचे नाहीत, बोलायचे नाहीत. एक दिवस आपणहून प्रश्न घातला. बुद्धिबळाच्या पटावर एकूण चौरस किती. मी म्हणाले दोनशे तीन. मग अर्धा तास समजावून सांगत होते, की बाई, अख्खा पट हाही एक चौरसच की! त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या त्यांनी.” तिनं नळ बंद केला. “तुला मी कधी शिकवलं का? तू बघितलंस आणि तूही चुकायला लागलीस. मला वाटलं, समजूतदार आहे पोरगी.”

उर्वीनं मग सगळं सांगून टाकलं. जिन्यातली पैज, भोपळ्याचं उत्तर, मॅडम, आमटीतलं मीठ. पप्पांचा आवाज ऐकला की भोपळा चुकणार, आणि आवाज तर तिथं पप्पांचाच असणार.

मम्मी फडक्यानं हात पुसत राहिली, कोरडे झाल्यावरसुद्धा.

“त्यांना सांगू का, की तुम्ही जाऊ नका?” उर्वीनं विचारलं.

“कारण काय सांगशील?”

बाहेरच्या खोलीतून पप्पांचा वाचायचा आवाज यायला लागला. खणखणीत, प्रत्येक अंक सुटा.

“मग हर,” मम्मी म्हणाली. “एका प्रश्नानं हर. कुणाला कळायचं पण नाही.”

उर्वीला एकदम हसू आलं आणि लगेच रडू आलं. “थोडंच ना?” ती म्हणाली.

*

पप्पांनी निळा शर्ट दोनदा इस्त्री केला होता. सभागृहात ते मंचावर चढले तेव्हा मागून कुणीतरी “बिडवे सर!” अशी आरोळी ठोकली. कुठल्या तरी पोराचा बाप, जुन्या बाकावरचा. पप्पांनी हात वर केला. उर्वीनं त्यांना इतकं उंच झालेलं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

ती मंचाच्या एका बाजूला बाकीच्या स्पर्धकांबरोबर बसली होती, भोपळा समोरच्या टेबलावर. मम्मी पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन.

पहिला प्रश्न. भोपळा बरोबर. दुसरा. बरोबर. उर्वीनं मुठी सोडल्या. वळला! तीन-चार रात्रींत वळला गडी! तस्नीम मागच्या रांगेत उभी राहून दोन्ही अंगठे दाखवत होती.

पप्पांनी पुढचं पाकीट फोडलं, कागदाकडे पाहिलं आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखे हसले. मग त्यांचा आवाज लागला. कागदापुरता नाही, क्लासमधला, जुना, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. “बुद्धिबळाच्या पटावर लहानमोठे मिळून एकूण चौरस किती?”

उर्वीनं हे भोपळ्याला स्वतः शिकवलं होतं. बरोबर शिकवलं होतं. चौसष्ट, मग एकोणपन्नास, मग छत्तीस, असं करत करत शेवटचा एक. दोनशे चार. चुकीचं उत्तर तिनं त्याच्यासमोर कधी उच्चारलंसुद्धा नव्हतं.

पिवळा दिवा लुकलुकला. “दोनशे तीन,” भोपळा म्हणाला.

“हंऽऽ, घाई केलीस!” पप्पांच्या तोंडून आपोआप गेलं, आणि अख्खं सभागृह हसलं. पप्पाही हसले. “अरे, अख्खा पट हाही एक...”

तिथंच थांबले.

शिक्षक माणूस. चूक त्यांना चेहऱ्यासारखी लक्षात राहायची. कुठल्या पोराचं वजाचं चिन्ह कुठं सांडतं, हे ते वीस वर्षांनंतर सांगू शकत. ही चूक कुणाची, हे त्यांना ओळखता आलं नसतं तरच नवल. त्यांनी भोपळ्याकडे पाहिलं नाही, उर्वीकडेही पाहिलं नाही. त्यांनी पहिल्या रांगेत मम्मीकडे पाहिलं.

मम्मी पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

सभागृहाला काहीच कळलं नाही. पप्पांनी कागद नीट घडी घालून टेबलावर ठेवला, गळ्याला हात लावला आणि मुख्याध्यापकांना हळूच काहीतरी सांगितलं. घसा बसला म्हणाले असतील. ते पायऱ्या उतरले, मधल्या वाटेनं चालत गेले आणि दार त्यांच्यामागं लागलं.

पुढचे प्रश्न मुख्याध्यापकांनी वाचले. भोपळ्याचं एकही उत्तर चुकलं नाही.

ती एक चूक धरूनही उर्वी जिल्ह्यात पहिली आली. टाळ्या, हार, फोटो. मिटकरी मॅडमनी तिला मिठी मारली. फोटोत एक खुर्ची रिकामी दिसत होती म्हणून कुणीतरी ती बाजूला काढली.

पप्पा पार्किंगमध्ये स्कूटरवर बसले होते, हेल्मेट घालून.

“अभिनंदन,” ते हेल्मेटमधून म्हणाले.

*

घरी शेजाऱ्यांचे पेढे आले, मामांचा फोन आला, मॅडमचा तर दोनदा आला. “उद्या भोपळ्याला घेऊन ये हं. पुण्याला पाठवायचाय. जूनपर्यंत प्रती तयार होतात म्हणे. आपल्या जिल्ह्यातल्या सगळ्या आठवीच्या पोरांकडं तुझा भोपळा!”

जेवायला बसले. मम्मीनं पुरणपोळी केली होती. तिनं पप्पांची वाटी जरा पुढं सरकवली, चमचा शेजारी ठेवला आणि वाट बघत बसली. पप्पांनी प्रश्न घातला नाही.

“घाला ना एखादा,” मम्मी म्हणाली.

“कशाला? कोण चुकणारंय आज? तू का ती?”

“अहो...”

“मिलमध्ये लोक मला अजून सर म्हणतात. मला वाटायचं, चेष्टा करतात. घरी आलं की वाटायचं, नाही, अजून येतंय आपल्याला शिकवता.” ते शांतपणे बोलत होते, आणि तेच ऐकवत नव्हतं. “मी घास घ्यायचो आणि तुम्ही दोघी एकमेकींकडं बघायचात. बघायचात ना?”

पप्पा उठले, फ्रिजवरचा भोपळा उचलला आणि ताटाशेजारी ठेवला.

“तू सांग. मशीन आहेस, तुला काय लाजायचंय. पोरगी माझ्यापुढं मुद्दाम चुकायची. किती वेळा?”

दिवा लुकलुकला. एकदा, दोनदा. भोपळ्यानं त्या फ्रिजवरून अडीच वर्षं सगळं ऐकलं होतं. त्याला आकडा माहीत होता.

“एकदोनदा, पप्पा,” तो उर्वीच्या आवाजात, जरा ओढून म्हणाला. “आणि तेव्हासुद्धा तुम्ही सांगितलं म्हणूनच तिला समजलं.”

पप्पा हसले. आधी नाकातून, मग मोठ्यानं, मग हसता हसता त्यांनी डोळ्यांवर उलटा हात धरला. “बघ मंजू,” ते म्हणाले. “याला पण माझी दया येते.”

मम्मी रडायला लागली. उर्वी मात्र रडली नाही. ती भोपळ्याकडे बघत होती. आत्ता तो चुकला नव्हता, त्यानं सांभाळून घेतलं होतं. इतक्या सफाईनं, की ते तिलासुद्धा जमलं नसतं. मम्मीकडून तिनं घेतलं, तिच्याकडून त्यानं घेतलं, आणि तो दोघींपेक्षा तरबेज निघाला. आणि जूनमध्ये औशाच्या, निलंग्याच्या, उदगीरच्या कुठल्या कुठल्या स्वयंपाकघरांत फ्रिजवर तो जाऊन बसेल. घरात ज्याचा आवाज मोठा, त्याच्यासमोर थोडंसं चुकेल. शेजारी एखादी तेरा वर्षांची पोरगी असेल. तिला वाटेल, असंच असतं. तीही शिकेल. कुणीही न शिकवता.

तिला दुर्बिणीची आठवण झाली. कपाटाच्या आत चिकटवलेली, कोपरे सुटत आलेली. ती ताटावरून उभी राहिली.

“मम्मी, पप्पा, ऐका. मी भोपळा उद्या देणार नाही.”

“म्हणजे?” पप्पांनी हात खाली घेतला.

“पुण्याला लिहून कळवणार, की हा प्रती काढण्यासारखा नाही. शिष्य प्रतींसाठी दिला नाही तर निवड रद्द होते. माहितेय मला.”

“वेडी झालीस का?” मम्मी पदरानं डोळे पुसत उठली. “एवढं सगळं झालं आणि आता जागा पण घालवणार?”

“मी ऐकतोय ना सगळं,” पप्पा म्हणाले, “आता आणखी माझ्यासाठी काही सोडू नकोस.”

“तुमच्यासाठी नाही सोडत, पप्पा. तुमच्यासाठी करायचं असतं तर गप्प बसले असते.” तिचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जाईल एवढा लागला होता. “ते कारण विचारतील. मॅडम नको म्हणतील, मुख्याध्यापक विचारतील. मी सांगणार आहे.”

पप्पांचा चेहरा उतरला. मुख्याध्यापक म्हणजे त्यांच्याच बाकावरचा पोरगा. ‘सर’ म्हणणाऱ्यांतला शेवटचा.

मम्मीनं उर्वीचा हात धरला. “सांग,” ती हळू आवाजात म्हणाली, “पण थोडंच सांग, बेटा. यंत्र बिघडलं म्हण. तेवढं पुरे आहे.”

“थोडं नाही, मम्मी,” उर्वी म्हणाली. “सगळं सांगणार. वाटीपासून.”